मदत हवी आहे: नियम बदलण्याआधी साठलेले माइल्स वापरून टाकू का?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं कामानिमित्त ज्या विमान कंपनीने फिरते आहे, तिचा परवा मेल आला. पुढच्या तिमाहीपासून माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल खात्यात जमणारे गुण, अंतरावर नाही, तिकिटाच्या रकमेवर मिळणार. गोल्ड स्टेटस, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाचा वरचा दर्जा, तोही खर्चावरच ठरणार. माझी झोप उडाली ती मात्र अगदी तळच्या ओळीने: अवॉर्ड तिकिटांचा (माइल्स देऊन घ्यायच्या तिकिटांचा) ठरलेला तक्ता बंद, यापुढे मागणीप्रमाणे बदलता दर.

खात्यात 1,42,000 माइल्स आहेत. आईला ताईकडे न्यायचं म्हणून जमवलेले. आईचे गुडघे पार गेलेत, तेरा तास पाय दुमडून बसणं तिला शक्य नाही. बिझनेस क्लासमध्ये आडवं होता येतं, म्हणून हा सगळा खटाटोप. जुन्या तक्त्यात एका बाजूचे 65,000 लागायचे, म्हणजे तिचं जाणं-येणं बसत होतं. आता किती लागतील हे मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

ऑफिस कायम स्वस्तातलं तिकीट काढतं, प्रवास लांबचे. त्यामुळे पुढे माइल्स रडतखडत जमतील, ते मी सोसेन. पण आधी कमावलेल्या माइल्सचं मोल मागाहून उतरवणं मला मुळीच पटत नाही.

ताईच्या सुट्ट्या ठरलेल्या नाहीत, तरी तिकीट आत्ताच काढावं का? की हे माइल्स त्याच अलायन्समधल्या (भागीदार विमान कंपन्यांच्या गटातल्या) दुसऱ्या कंपनीकडे हलवता येतात? आणि लेखी तक्रारीने काही होतं का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आत्ताच काढा. अंदाजाने तारखा टाका. बऱ्याच ठिकाणी अवॉर्ड तिकीट रद्द केलं तर थोडं शुल्क कापून माइल्स खात्यात परत येतात. पण तारीख बदलायला गेलात तर नवा दर लागू शकतो, तेवढी अट आधी वाचा. कर आणि इंधन अधिभार खिशातून जातो, तोही बघून ठेवा. तुमच्याच कंपनीच्या विमानात जागा दिसत नसेल तर त्याच माइल्सवर भागीदार कंपन्यांच्या जागा शोधा. लोक हे विसरतात आणि जागाच नाहीत म्हणून परत फिरतात.

माइल्स सहसा हलत नाहीत. एव्हिऑस नावाचे एकाच प्रकारचे माइल्स वापरणाऱ्या ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज यांच्यात हलतात, तो अपवाद. पुढच्या प्रवासांना मात्र भागीदार कंपनीचा सदस्य क्रमांक देऊ शकता. तिथे बऱ्याचदा अंतर आणि बुकिंग क्लास (तिकिटाचा भाड्यानुसार ठरणारा वर्ग) पाहून माइल्स मिळतात. तुमच्या तिकिटांचा क्लास त्यांच्या यादीत आहे का, तेवढं तपासा.

प्रतिसाद २

आईंच्या प्रवासासाठी शुभेच्छा, पण कंपनीचंही ऐका. जास्त भाडं भरणाऱ्याला जास्त परतावा, यात गैर काय? डेल्टा आणि युनायटेडने 2015 मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने 2016 मध्ये हेच केलं. शिवाय नियम कधीही बदलू शकतो हे आपण सदस्य होतानाच मान्य केलेलं असतं.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार.

पुढच्या कमाईचे नियम कंपनीने खुशाल बदलावेत, तिथे माझं भांडण नाही. साठलेल्या माइल्सचं वेगळं आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1988 मध्ये आधीच जमलेल्या माइल्सवर जागांची मर्यादा आणि बंद तारखा (ज्या दिवशी माइल्सवर तिकीट मिळत नाही) लावल्या, तेव्हा सदस्य कोर्टात गेले. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या ग्राहक कायद्याखालचे दावे नाकारले, पण कराराचा भंग झाला असा दावा करायला वाट मोकळी ठेवली. म्हणजे नियमांवर सही केली की तोंड मिटायचं, असं काही नाही. आणि डेल्टाने 2023 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलेले स्टेटसचे कडक निकष सदस्यांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्येच बरेच सैल केले होते. तेव्हा तक्रार मी लिहिणारच. जुन्या माइल्सना निदान वर्षभर जुना तक्ता लावा, एवढंच मागणार आहे.

तिकीट आजच शोधलं. जाण्याची जागा भागीदार कंपनीच्या विमानात 65,000 मध्येच मिळते आहे, येण्याची अजून दिसत नाही. जाणं आत्ता काढून येणं नंतर जोडलं तर चालेल ना? आणि आईचा पासपोर्ट प्रवासाआधी नवा करावा लागेल. जुन्या क्रमांकावर तिकीट काढलं तर तो नंतर बदलून घेता येतो का? कुणी केलं असेल तर लवकर सांगा, जागा दोनच उरल्यात.