पाझर तलावातील गोगलगायींची पाहणी गावकऱ्यांना करता येईल का?

प्रश्नकर्ता, बालाघाट परिसर (जि. बीड):
नमस्कार. आमच्या एका बैलाच्या नाकातून सतत शेंबूड वाहतो आणि श्वास घेताना घुरघुर आवाज येतो. पशुवैद्यकांनी नाकातील शिस्टोसोमा कृमीचे निदान केले असून तलावातील गोगलगायींमार्फत हा रोग पसरतो, असे सांगितले. चीनच्या डोंगराळ भागात माणसांमधील याच जातकुळीचा रोग आटोक्यात ठेवण्यासाठी गोगलगायींची नियमित मोजणी होते, असे वाचले. तशी पाहणी आम्हाला जमेल का? 2022 मध्ये आमच्याकडे सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय ती हीच का? गावातली मुले त्याच तलावात पोहतात, म्हणून जिवाला घोर लागला आहे.

उत्तर, पशुवैद्यक (परभणी):
शंखी गोगलगाय जमिनीवरची; तिचा या रोगाशी संबंध नाही. आपण शोधायची ती इंडोप्लॅनॉर्बिस. तिचा तपकिरी शंख वर निमुळता न होता चकलीसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला असतो. टोकदार शंखाची लिम्निया दिसली तर तिचीही वेगळी नोंद ठेवा, कारण ती यकृतातील पर्णकृमी पसरवते. आजारी बैल पाणी पिताना शेंबडातून कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली अळी गोगलगायीत शिरून वाढते आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या बाहेर पडून पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून आत जातात. त्यामुळे जनावरे जिथे उतरतात, तोच काठ आधी पाहावा. जनावरांच्या या कृमीच्या अळ्या माणसाच्या कातडीतच मरतात, मात्र अंगाला खाज सुटून पुरळ उठते. तसे झाल्यास मुलांना डॉक्टरांकडे न्यावे.

उत्तर, प्राणिशास्त्राचा अध्यापक:
चीनमधील पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथली ऑन्कोमेलानिया ही गोगलगाय चरांच्या काठच्या ओल्या चिखलावर राहते, म्हणून 0.1 चौरस मीटरची चौकट ठरावीक अंतराने ठेवून आतल्या सगळ्या गोगलगायी वेचतात आणि त्या फोडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आपली इंडोप्लॅनॉर्बिस पाण्यातली. तिच्यासाठी लांब दांड्याची चाळणी घेऊन ठरलेल्या जागी दहा मिनिटे शोध घ्यावा. जागा, वेळ आणि शक्यतो माणूसही दर महिन्याला तोच असावा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येणार नाही. डोंगराळ भागातली एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच आहे: पुराबरोबर गोगलगायी खाली वाहून येतात, म्हणून तलावावर न थांबता ओढ्याने वरच्या डबक्यांपर्यंत जावे लागते.

उत्तर, पशुपालक (धाराशिव):
आम्ही पहिल्या वेळी उघड्या पाण्यात शोधले आणि हाती काहीच लागले नाही. नंतर काठच्या बेशरमाची एक कुजकी फांदी उलटली, तर तिच्या खालच्या बाजूला गोगलगायी आणि त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक, बुळबुळीत पुंजके चिकटलेले होते. त्या स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात, ग्लासामागे काळा कागद लावून, सकाळच्या उजेडात ठेवल्या. दुपारपर्यंत पाण्यात बारीक पांढरे कण वळवळू लागले, तेव्हा तो ग्लास तसाच पशुवैद्यकांकडे नेला. हे काम रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच करावे. उन्हाळ्यात तलाव आटला म्हणून आम्ही पाहणी बंद केली, ती चूक ठरली. गोगलगायी चिखलात दडून राहिल्या आणि पाऊस पडताच पुन्हा दिसल्या. औषध टाकल्यास मासे मरतील, म्हणून ते टाळून आम्ही विहिरीजवळ हाळ बांधला. आता जनावरे तिथेच पाणी पितात. म्हशींना मात्र डुंबण्याची सवय असल्याने त्यांना तलावापासून दूर ठेवणे अजून जमलेले नाही.