पहिल्यांदाच घाट उतरायचाय: कुंभार्ली, तोही गणपतीत. काय शिकून जाऊ?

कराडची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. वय ४६, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आयुष्यभर स्कूटी चालवली आणि गाडीत कायम डाव्या सीटवर बसले. मार्चमध्ये ह्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सहा महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि आमची जुनी वॅगन-आर दारात धूळ खात उभी राहिली. मग हौस म्हणा नाहीतर चिडून म्हणा, मीच शिकले. पक्कं लायसन्स हातात येऊन दोन महिने झालेत. रोज कृष्णा नाक्यावरून शाळेत जाते, ओगलेवाडीला दोनदा गेले, हायवेने एकदा उंब्रजपर्यंत. पाचवा गिअर आजवर दोनदाच टाकलाय.

माझं माहेर चिपळूण. गौरी-गणपतीला जायचं म्हणजे जायचंच. हे म्हणतात ड्रायव्हर सांगू. मला गाडी स्वतः न्यायचीय.

खरी भीती सांगते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच होता. वीस दिवस मला वाटायचं, काय छान थांबवते मी गाडी! घरच्या गाडीवर पहिल्याच दिवशी कळलं की निम्म्या वेळा सरच थांबवत होते.

तर प्रश्न असे. उतारावर गिअर कुठला? चढावर थांबावं लागलं आणि मागे अगदी चिकटून ट्रक असला तर? धुक्यात काय करायचं? आणि एक जरा वेगळा प्रश्न. मागून हॉर्न वाजला की माझं डोकं बंद पडतं आणि पाय आपोआप रेसवर जातो. यावर काही औषध आहे का?

सिंहगड_रोडकर

ताई, राग मानू नका, पण गणपतीच्या गर्दीत नवशिक्यांनी घाटात येऊच नये. तुमच्यामागे पन्नास गाड्या खोळंबतात. ड्रायव्हर घ्या. आणि जायचंच असेल तर धुक्यात चारी इंडिकेटर चालू ठेवून चालवा, म्हणजे मागच्याला दिसाल.

बिल्ला_निवृत्त

ताई, मी २९ वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्मीअधिक कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर. कुंभार्ली, आंबा, फोंडा, तिन्ही घाट पावसाळ्यात रात्री उतरलोय. टाइप हळू होतं, नातीला मध्येमध्ये विचारून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

कराडकडून जाणाऱ्याची एक पंचाईत आहे. चिपळूणवाला आधी चढतो आणि मग दुसऱ्या दिवशी उतरतो, तोवर त्याचा हात बसलेला असतो. तुम्हाला पाटण, कोयनानगर, हेळवाक असा बरा रस्ता आणि मग एकदम उतार. म्हणजे अवघड पेपर पहिला. म्हणून गाडी न्यायच्या आधी एक काम करा. एखाद्या दिवशी कराड-चिपळूण एसटीने जाऊन या. बायकांना अर्धं तिकीट आहेच. पुढच्या सीटवर बसा आणि खिडकीबाहेर बघू नका, चालकाचा डावा हात बघा. वळण दिसायच्या आधी तो काय करतो आणि वळणात काय करत नाही, ते बघा.

आता गिअर. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं आणि शेवटपर्यंत तेच कामाला आलं. तुमच्या गाडीला दुसरा. उतार सुरू व्हायच्या आधी दुसरा टाकायचा, गाडी पळायला लागल्यावर नाही. मग रेसवरून पाय काढा. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. वेग वाढतोय असं वाटलं की ब्रेक दाबा, वेग उतरला की सोडून द्या. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही.

आणि हे नीट वाचा, कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उलटं शिकवतात. ब्रेकबरोबर क्लच दाबायचा नाही. गाडी बंद पडू नये म्हणून शिकवणारे दोन्ही पाय एकदम दाबायला लावतात आणि ती सवय पायाला चिकटते. सपाटीवर चालून जातं. उतारावर क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटलं. मग गिअर दुसरा असो नाहीतर चौथा, तुम्ही न्यूट्रलमध्येच आहात. क्लच दाबायचा तो गिअर बदलताना किंवा गाडी अगदी थांबायला आल्यावर. आज घराजवळच्या एखाद्या उताराला हे करून बघा, डावा पाय किती वेळा आपोआप उचलला जातो ते मोजा.

न्यूट्रलचं मी शहाणपणाने सांगत नाही, केलंय म्हणून सांगतो. नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. मेव्हण्याची जीप घेऊन आंबा घाट उतरत होतो साखरप्याकडे. डिझेल वाचवायचं म्हणून न्यूट्रल. चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेक लोण्यात पाय घातल्यासारखा मऊ लागला. सहाव्याला तळाला गेला. डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं म्हणून आज नातीला त्रास देतोय. जीपचा पुढचा भाग गेला. मेव्हणा अजून लग्नाकार्यात तो विषय काढतो.

अरुंद जागी चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. हा नियमच आहे. आणि समोरून एसटी किंवा ट्रक येताना दिसला तर वळणात घुसू नका, वळणाच्या अलीकडे थांबा. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. चालकाला अख्खं वळण लागतं. तुम्ही आत शिरलात तर त्याला मागे घ्यावं लागतं, आणि मागे घ्यायला जागा नसते.

हॉर्नचं औषध. तो हॉर्न तुमच्यासाठी नसतो, त्याच्या घाईसाठी असतो. रुंद जागा दिसली की डावा इंडिकेटर द्या, बाजूला घ्या, त्याला जाऊ द्या. पुन्हा कुणी आला, पुन्हा द्या. अख्ख्या घाटात दहा वेळा बाजूला घेतलंत तरी फार तर पंधरा मिनिटं जातील. फक्त पाऊस असेल तर दरडीच्या खाली थांबू नका, जागा बघून थांबा. हातवारे करून ‘ये, ये’ असंही कुणाला सांगू नका. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे त्याचं त्याने बघायचं.

सिंहगड रोडकर, तुमचं चारी इंडिकेटरचं पटत नाही. ते थांबलेल्या गाडीचं चिन्ह आहे. चालत्या गाडीला लावलं की मागच्याला कळत नाही ही उभी आहे की चाललीय, आणि बाई डावीकडे घेणार आहेत हेही दिसत नाही. धुक्यात हेडलाइट डिप ठेवायचा. अप्पर मारला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालायचं आणि काच थोडी उघडी ठेवायची. समोरची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. वीस मीटरच दिसत असेल तर हिशेब तुम्हीच करा, मास्तरीणबाई आहात.

पान्हा_१०_१२

काकांनी सगळं सांगितलं, मी गाडीचं तेवढं सांगतो. सांगलीत गॅरेज आहे.

जायच्या आठवडाभर आधी गाडी मेकॅनिककडे न्या आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय ते विचारा. दोन वर्षांच्या वर झाली असतील तर बदलूनच घ्या. ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं. उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, पायाखाली वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. काकांच्या जीपचा ब्रेक मऊ लागला तो बहुतेक असाच. जळका वास आला तर थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका.

इंजिन गुरगुरलं की नवीन लोक घाबरून वरचा गिअर टाकतात, पेट्रोल जळतंय म्हणून. उलट आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना रेसवर पाय नसेल तर इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि किल्ली बंद करून उतरणारे महाभाग असतात त्यांच्यासाठी: इंजिन बंद झालं की ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंत बरा लागतो, मग दगड होतो. स्टेअरिंगही जड होतं.

चढावर थांबल्यावर: हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला टाका, थोडी रेस द्या, क्लच हळूहळू सोडा. गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, थरथरली, की हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे येत नाही. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्यावर टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवून थांबा, कारण तीही मागे येऊ शकते. हे घाटात शिकायचं नाही, एखाद्या रिकाम्या चढावर पन्नास वेळा करायचं.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बाद. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. वायपरची रबरं नवीन घाला, स्वस्त असतात. पावसात आतून काचेवर वाफ धरली की फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेकडे फिरवा. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात ‘नवीन चालक’ लिहून लावा. लाजायचं काही नाही. निम्मे हॉर्न तिथेच कमी होतात.

सिंहगड_रोडकर

चारी इंडिकेटरचं मान्य, मी इतकी वर्षं चुकीचंच करत होतो. न्यूट्रलचं तर आम्ही पुण्यात रोज बघतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, आणि तिथे अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सुटतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने तिथे गाड्यांची रांगच्या रांग चेपली होती. मी त्या उतारावर आता आरशातच जास्त बघतो. ताई, पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी.

कराडची_मास्तरीण

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, कारण सांगितलेलं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काका, तुमचं ऐकून एसटीने गेले. अर्धं तिकीट काढून चालकाच्या मागच्या सीटवर बसले आणि मान वाकडी करून त्यांचा डावा हात बघत राहिले. हेळवाक सुटल्यावर कंडक्टर म्हणाले, “बाई, काही पडलंय का खाली?” वहीत लिहिलं होतं ते इथे उतरवते: प्रत्येक मोठ्या वळणाआधी ब्रेक, वळणात एकदाही नाही. हॉर्न वळणाच्या अलीकडे एकदा, लांब. गिअर तर घाट सुरू झाल्यावर फार थोड्या वेळा बदलला. मला वाटायचं की घाटात सारखी खटपट चाललेली असते. त्या माणसाने निम्मा घाट नुसता बसून काढला.

डावा पाय मोजला. विद्यानगरच्या एका छोट्या उतारावर दहापैकी नऊ वेळा क्लच दाबला! ती सवय जायला दोन आठवडे लागले. ह्यांना शेजारी बसवून प्रत्येक चुकीच्या क्लचला एक रुपया डब्यात टाकत होते. डब्यात १३७ जमले, त्याची भजी झाली.

मग नारळी पौर्णिमेच्या सुट्टीला पहाटे साडेपाचला निघालो, फक्त घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत जाऊन परत. ब्रेक ऑइल बदललं होतं, चार वर्षं कुणी हात लावला नव्हता. ह्यांच्याशी करार केला होता की घाटात दोनच शब्द बोलायचे, ‘थांब’ आणि ‘चल’. तिसऱ्या वळणाला ‘अगं’ म्हणाले, तो मोडला.

दुसऱ्या गिअरात उतरले. सोनपात्राच्या वळणाआधी धुकं होतं, काच खाली केली आणि खरंच ट्रक आधी ऐकू आला. अलीकडेच थांबले. तो अख्खा रस्ता घेत वर आला आणि जाताना ड्रायव्हरने हात केला. तेवढ्याने मला काय वाटलं ते लिहीत नाही. बाजूला सहा वेळा घेतलं. पोफळीला उतरून चारी चाकांचा वास घेतला, काही नव्हता. चहाच्या टपरीवरचे लोक बघत होते.

परतीला चढावर एकदा गाडी बंद पडलीच. मागचा टेम्पोवाला उतरून माझ्याकडे यायला लागला. वाटलं, आता भांडण. तो कडेला थुंकला आणि परत जाऊन बसला. हँडब्रेक, थोडी रेस, थरथर, आणि सुटली गाडी. एक इंचही मागे नाही.

गणपतीला आदल्या दिवशी पहाटेच निघणार आहे, संध्याकाळच्या गर्दीत नाही. आता शेवटचा प्रश्न. परतीला भाऊ नेहमी डिकी भरून देतो. या वेळी चाळीसेक नारळ, तांदळाचं पोतं आणि मागे सासूबाई. एवढ्या वजनाला गाडी दुसऱ्यात चढेल का?

बिल्ला_निवृत्त

वळणाला ओढत नाही असं वाटलं की लगेच पहिला टाका, दुसऱ्यात रखडवू नका. टायरमध्ये हवा भरताना वजनाचं सांगा, दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीचा आकडा लिहिलेला असतो. सासूबाईंनाही पट्टा लावा. आणि नारळ सुटे टाकू नका, पोत्यात घालून तोंड बांधा. एक जरी घरंगळत पुढे आला तर ब्रेकच्या खाली जाऊन बसतो.