अनुभव धागा : फॅनफिक वाचताना तुम्ही कुठे थांबलात?

मागच्या आठवड्यात माझ्या पुतणीने विचारलं, "काकू, पुस्तक वाचून झालं, सिनेमाही बघून झाला. मग त्याच माणसांच्या गोष्टी दुसऱ्या कुणी लिहिलेल्या कशाला वाचायच्या?" मला चटकन उत्तर देता आलं नाही आणि त्याची रुखरुख लागून राहिली, कारण चाहत्यांनी लिहिलेल्या अशाच गोष्टी, म्हणजे फॅनफिक किंवा नुसतं फिक, मी इतकी वर्षं वाचत आले आहे. म्हणून हा धागा. आवडत्या फिकची यादी नको. एकच गोष्ट आठवा, जिच्यासाठी तुम्ही रात्री दोनपर्यंत जागलात, आणि तिच्यात नेमकं काय होतं ते लिहा.

सुरुवात मीच करते. १५ जानेवारी २०१२ ला बीबीसीच्या 'शेरलॉक'चा दुसरा सीझन संपला. शेरलॉक इस्पितळाच्या गच्चीवरून उडी टाकतो, वॉटसन थडग्यापुढे उभा राहून त्याच्याशी बोलतो, आणि भाग संपतो. पुढचा भाग आला तो १ जानेवारी २०१४ ला. माझे वडील २०१२ च्याच मार्चमध्ये गेले. तेरावा झाला, नातेवाईक परतले, आणि घरात त्यांची आरामखुर्ची तेवढी राहिली. त्या दिवसांत एओथ्री (AO3) या फॅनफिकच्या संकेतस्थळावर एक गोष्ट सापडली. चांगली साठ हजार शब्दांची, आणि तिच्यात घडत जवळजवळ काहीच नाही. वॉटसन सवयीने दोन कप चहा करतो, एक मोरीत ओततो. घरभाडं एकट्याला झेपत नाही म्हणून जागा सोडायचं ठरवतो, पण फ्रीजमधली शेरलॉकच्या प्रयोगाची बरणी कुणी टाकायची, इथे अडून बसतो. ती बरणी तीन प्रकरणं तशीच राहते. मी आईला म्हटलं, खुर्ची इतक्यात हलवू नको.

मूळ कथेत कॉनन डॉईलने १८९३ मध्ये मारलेला होम्स १९०३ मध्ये परत आला, तेव्हा वॉटसन बेशुद्ध पडतो, सावरतो आणि त्याच रात्री दोघं मोहिमेवर निघतात. रहस्यकथेला पुढे जायचंच असतं, त्यात तिची चूक नाही. पण ती जिथून घाईने निघून गेली तिथे कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. मला फिकमध्ये हे हवं असतं. आता तुम्ही सांगा, वर आपलं गाव लिहून.

नाशिक

ताई, तुमच्या बरणीवरून माझं आठवलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडद्यावर खांद्यात गोळी लागलेला माणूस पुढच्या प्रसंगात दोन्ही हातांनी लोंबकळताना दिसतो, तेव्हा मला फार त्रास होतो. ज्यांचा खांदा खरोखर आखडलाय त्यांना मी रोज बघते. वेणी घालता येत नाही, शर्टाची बाही चढवता येत नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची. आठवड्याने खूण बोटभर वर सरकली तर आम्ही दोघंही खूश.

२०१४ च्या 'कॅप्टन अमेरिका'च्या सिनेमानंतर बकी बार्न्सवर, म्हणजे शत्रूने स्मृती पुसून वर्षानुवर्षं वापरलेल्या, एक हात धातूचा असलेल्या नायकाच्या मित्रावर, सावरण्याच्या असंख्य गोष्टी आल्या. त्यातल्या एकीत लेखिकेने विचार केला होता की धातूच्या हाताचं वजन एकाच बाजूने मणक्यावर येत असेल, मग हा झोपत कसा असेल? डाव्या कुशीवर नाही, पाठीवरही नाही. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतो. दुकानात कुठला पाव घ्यायचा हे ठरवता न आल्याने रिकाम्या हाताने परततो, कारण सत्तर वर्षं त्याला कुणी विचारलेलंच नाही. एका प्रकरणात तो पाव घेऊन घरी येतो. एवढंच प्रकरण. मी रडले. बरं होणं किती सावकाश असतं, हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं होतं ते.

कोल्हापूर

माझं उत्तर गोष्टीबद्दलचं नाही, टॅगबद्दलचं आहे, म्हणजे गोष्टीत काय आहे ते आधीच सांगणाऱ्या खुणांबद्दलचं. चार वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस कुठलंही पुस्तक उघडायची भीती वाटायची, कारण छापील पुस्तक आधी काही सांगत नाही. एओथ्रीवर मुख्य पात्राचा मृत्यू, टोकाची हिंसा अशा मोजक्या इशाऱ्यांची चौकट ठरलेली आहे. इशारा द्यायचा नसेल तर "मी तो देत नाहीये" असंही लेखकाला नोंदवता येतं. त्याखाली लेखक आपल्या मनाने टॅग जोडतात. गर्भपाताचा टॅग मी वगळायच्या यादीत टाकून ठेवला आणि वर्षभर निर्धास्त वाचलं.

मग एक दिवस मी तोच टॅग स्वतःहून शोधला. ज्या लेखिकेची गोष्ट उघडली, तिने वर लिहिलं होतं की तिसऱ्या प्रकरणात हा प्रसंग आहे, तो अमुक वाक्याला सुरू होतो आणि अमुक वाक्याला संपतो, नको असेल तर तिथून पुढे वाचा. मी तो प्रसंग वाचला. दार कुठे आहे हे माहीत होतं म्हणूनच वाचू शकले. शैली, कथानक सगळं नंतर. आधी मला ही काळजी लागते.

छत्रपती संभाजीनगर

२०१३-१४ मध्ये स्टार प्लसवर 'महाभारत' लागायचं तेव्हा मी आठवीत होते. वॉटपॅड या गोष्टींच्या संकेतस्थळावर कर्णाच्या गोष्टी वाचण्यात ती सगळी सुट्टी गेली. आज त्यातल्या बहुतेक वाचवत नाहीत, आणि का ते सांगते. त्यांतला कर्ण कधीच चुकत नाही. द्यूतसभेत तो मान खाली घालून गप्प बसतो, नाहीतर त्या दिवशी हस्तिनापुरातच नसतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतलं सभापर्व मी पुढे एम.ए. करताना वाचलं. द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. ते पुसलं की उरतो तो कर्ण नव्हे, दुसराच कुणी देखणा तरुण. आणि जो चुकलाच नाही, त्याने उद्योगपर्वात कृष्णापाशी, पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांचा ताप होतो, असं म्हणायचं तरी कशाला?

मला जागवणारी गोष्ट जेमतेम दोन हजार शब्दांची होती. द्यूताच्या दिवशीची संध्याकाळ. कर्ण घरी येतो, बायको पाय धुवायला पाणी देते आणि विचारते, "आज सभेत काय झालं?" तो म्हणतो, "फासे." ती पुन्हा विचारत नाही, कारण दासीकडून तिला दुपारीच सगळं कळलेलं आहे. ती त्याला जेवायला वाढते. वाढताना स्वतःच्या पदराला एक गाठ मारून घेते. त्या गाठीवर गोष्ट संपते. कर्ण मला तेव्हापासून जास्त आवडतो, आणि त्याला माफ करावंसं मात्र वाटत नाही.

स्लाव, इंग्लंड

हॅरी पॉटरमध्ये पाटील आहेत! शाळेत असताना हे वाचून मी उडालेच होते. पद्मा आणि पार्वती, जुळ्या. पुस्तकात शाळेच्या घरांपैकी एक रेव्हनक्लॉमध्ये, एक ग्रिफिंडॉरमध्ये, सिनेमाने दोघींना एकाच घरात टाकलं. पुस्तकं त्यांच्याबद्दल फार काही सांगत नाहीत. समोरच्याच्या भीतीचं रूप घेणाऱ्या बोगार्टमध्ये पार्वतीला ममी दिसते, नाताळच्या नाचाला दोघी येतात, आणि दोघींचेही जोडीदार त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. घरी कोण आहे, काय बोलतात, काही नाही.

म्हणून मी पाटील बहिणींच्या फिक शोधायला लागले. बऱ्याच वाचून हिरमोड झाला. त्यांची आई त्यांना "बेटी" म्हणते, सणाला समोसे होतात, आजी हिंदी बोलते. पाटलांच्या घरात! लिहिणारीचा हेतू चांगला असतो हे मला कळतं, पण आपल्यासाठी मांडलेल्या पानावर दुसऱ्याचंच जेवण वाढलेलं असावं तसं वाटतं.

मग एक सापडली. दिवाळीच्या आठवड्यात टपाल आणणारं घुबड येतं आणि त्याच्या पायाला भडंगाचा पुडा. पुडा फुटून ग्रेट हॉलभर चुरमुरे, शेंगदाणे, लसूण. पद्मा लाजून टेबलाखाली चुरमुरे वेचत राहते, पार्वती पलीकडच्या टेबलावरून ओरडते, "अगं राहू दे, आई परत पाठवेल!" इंग्रजी गोष्टीत "अगं" तसंच्या तसं. खाली अर्थ दिलेला नव्हता, आणि द्यायला नकोच होता. मी मोठ्याने ते वाक्य वाचलं. माझी सात वर्षांची मुलगी शेजारच्या खोलीतून म्हणाली, "काय गं?" तिला वाटलं मी तिलाच हाक मारली.

वाई

माझं वय सत्तर, ही संकेतस्थळं मी नातीमुळे पाहिली. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. तिच्या ओव्यांत सीता रानात बाळंत व्हायची आणि लहू-अंकुश जन्मायचे. उशाला दगड, जवळ बाई-माणूस नाही. रामाला ती सरळ हलक्या दिलाचा म्हणायची, आणि तीच संध्याकाळी रामासमोर दिवाही लावायची. नातीने मला तिच्या गोष्टी वाचून दाखवल्या तेव्हा मी हेच शोधत होतो, की सीतेला शेकशेगडी कुणी केली हे लिहिणाऱ्याला सुचलं आहे का.

पुणे

माझं उत्तर एका शब्दाचं आहे : आवाज. मुलाने शाळेत फुरसुंगीच्या बनेश फेणेवर, म्हणजे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर (फाफे), नवी गोष्ट लिहिली. सायकल होती, विद्याभवन होतं, 'ट्टॉक्'ही दर पानावर होतं. तरी तो फाफे नव्हता, कारण हा मुलगा स्वतःच्या पराक्रमाची भाषणं ठोकत होता. मी मुलाला एवढंच विचारलं, "बन्या असं बोलेल का?" त्याने रात्री सगळी भाषणं खोडली. जेवताना वाचून दाखवलं तेव्हा 'ट्टॉक्' एकदाच आलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

नागपूर

वरचं सगळं पटतं, पण मी ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त रात्री घालवल्या ती अपुरी आहे. एकतीस प्रकरणं, एकतिसाव्याच्या शेवटी दोघं रेल्वे फलाटावर उभे, आणि लेखिका नाहीशी. हे लोक फुकट लिहितात, कुणाचं देणं लागत नाहीत. एओथ्री सगळं स्वयंसेवकांवर चालतं, २०१९ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा पुरस्कार मिळाला तेव्हा साध्या वाचकांनाही तो आपलाच वाटला. म्हणून "पुढचं कधी?" असं मी कधी विचारलं नाही. दर वर्षी एकदा गोष्ट पहिल्यापासून वाचायची आणि या वेळी काय नवं दिसलं तेवढं प्रतिक्रियेत लिहायचं, असं पाच वर्षं केलं. गेल्या वर्षी नवव्या प्रकरणातल्या छत्रीबद्दल लिहिलं. ती छत्री फलाटावरही आहे, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

परवा तिचं उत्तर आलं. आईच्या आजारपणात सगळं सुटलं होतं, पण छत्री कुणाच्या तरी लक्षात आली म्हणून पुन्हा फाइल उघडली, असं तिने लिहिलंय. खाली बत्तिसावं प्रकरण. मी अजून वाचलेलं नाही. शनिवारी रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार आहे.