'मन के मंजीरे' राहिलंच की!

इंडिपॉपच्या (सिनेमाबाहेरच्या हिंदी पॉप गाण्यांच्या) व्हिडिओंत देखणे मॉडेल आणि झगमगाट सोडून काही नव्हतं, असं इंडिपॉपवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' या गाण्यापुरतं (१९९५, पेटीतून निघणारा मिलिंद सोमण!) मान्य. पण त्या चर्चेत 'मन के मंजीरे' हे गाणं कुणालाच कसं आठवलं नाही? शुभा मुद्गलांचा आवाज, प्रसून जोशींचे शब्द. मारझोडीच्या संसारातून बाहेर पडलेली बाई झालेली अभिनेत्री मीता वशिष्ठ त्याच्या व्हिडिओत चक्क ट्रक चालवते, सोबत हसणाऱ्या-गाणाऱ्या बायका. हे गाणं ज्यात होतं तो अल्बम स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'ब्रेकथ्रू' या संस्थेचा होता आणि त्या ट्रकवालीची गोष्ट खऱ्या बाईवरून घेतलेली.

आमच्याकडे हे गाणं लागलं की आई पोळ्या लाटायच्या थांबवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. गाणं संपेपर्यंत हलायची नाही.