बहिणीची घटस्फोटाची केस सुरू आहे, तारखेला तिच्यासोबत कोण जाईल? सल्ला हवा

प्रीतिसंगम

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय 31, गेल्या भाऊबीजेपासून कऱ्हाडला माहेरी आहे. पदरात सव्वातीन वर्षांची मुलगी. मारहाण दोनदा झाली, पण तिला त्याहून जास्त खचवलं ते रोजच्या टाकून बोलण्याने, पगार काढून घेण्याने आणि माहेरी फोन करू न देण्याने. चुलतभाऊ आणायला गेला तेव्हा ती नेसत्या साडीनिशी निघाली ती परत गेलीच नाही. नंतर नवऱ्याने सोलापूरच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा टाकला.

वकील मिळालेत, माणूस बरा वाटतो. पैशाचं मी आणि माझे मिस्टर बघतोय. माझा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या तारखेला ती आणि बाबा रात्रीच्या एसटीने गेले. बाबा 68 वर्षांचे, बायपास झालेली. कोर्टाच्या व्हरांड्यात समोर सासरची सात माणसं उभी, इकडे ही दोघं. दुपारी पुकारा झाला आणि पाच मिनिटांत पुढची तारीख पडली. येताना ती बाबांशी एक शब्द बोलली नाही. रात्री मला फोनवर म्हणाली, "ताई, ते म्हणतील त्यावर सही करून टाकते. मला तिथे परत उभं राहवणार नाही."

मी पुण्यात, दर तारखेला रजा मिळत नाही. आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, त्यात "तुम्ही एकट्याच या" असं होतं. आई गेली नाही, पण त्या दिवसापासून तीही घराबाहेर पडत नाही.

सातारा, कऱ्हाड, सोलापूर भागात अशा बायकांना सोबत देणारं कुणी आहे का? संस्था, गट, एखादी बाई, काहीही. नसेल तर आपल्याला उभं कसं करता येईल? आणि कृपया "समेट करा" म्हणू नका. तीनदा करून झालाय.

शाळामास्तरीण

अगं, आधी बहिणीला सांग, आज कशावरही सही करायची नाही. उद्याही नाही. थकलेल्या माणसाने कागदावर सही करू नये.

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका. माझ्या भाचीच्या वेळी शिकले ते सांगते. संस्थेचं नाव शोधत बसण्याआधी तुमच्या ओळखीतल्या चार बायका शोधा. आम्ही तेच केलं. भाचीची आत्या, मी, तिची कॉलेजातली मैत्रीण आणि त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. मावशींचं स्वतःचं कोर्ट आठ वर्षं चाललं होतं, त्यामुळे आमच्या तिघींपेक्षा त्यांनाच जास्त कळायचं. कुठल्या खिडकीवर नक्कल मिळते, पुकारा ऐकू येईल असं कुठे बसायचं, समोरचे बघायला लागले की काय करायचं. (मावशी डबा उघडून भाचीला जेवायला बसवायच्या. खाणाऱ्या माणसाकडे फार वेळ कुणी टक लावून बघत नाही, म्हणायच्या.) आम्ही वहीत तारखा लिहून पाळ्या लावल्या होत्या. दोन वर्षांत भाची एकदाही एकटी गेली नाही.

संस्थांचं म्हणशील तर पुण्यात नारी समता मंच आहे. पुण्यातल्या मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या मृत्यूनंतर 1982 साली विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ते काम उभं केलं. त्यांचं "बोलते व्हा" नावाचं केंद्र नावाप्रमाणेच आधी ऐकून घ्यायचं. तू पुण्यात आहेस, तू स्वतः जाऊन चौकशी कर. पोलिसांकडे "महिला व मुलांसाठी विशेष कक्ष" असतो, तिथे समाजकार्य शिकलेल्या ताई बसतात. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत तो सुरू केला आणि मग राज्यभर पसरला. तिथे जायचं म्हणजे गुन्हाच नोंदवायचा असं नाही. नुसतं बोलायलाही जाता येतं.

आणि हळदीकुंकवाचं. तुझ्या आईला माझा निरोप दे, ते त्यांनी स्वतःच्या घरी घालावं. दोन्ही लेकींना पाटावर बसवून.

तारीख_पे_हजर

मी वकील आहे, तुमच्या जिल्ह्यात नाही. तुमच्या वकिलांना विचारायच्या गोष्टी सांगतो, निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

बहिणीला सोलापूरला जावंच लागेल हे आधी तपासा. दावा तिच्या जवळच्या कोर्टात हलवून मागता येतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा आणि सोलापूर दोन्ही जिल्हे त्याखाली येतात, म्हणजे त्या अर्जासाठी मुंबई गाठायला नको. लहान मूल आणि वडिलांचं आजारपण ही कारणं कागदपत्रांसह मांडावीत. तोवर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागावा, प्रवासखर्चही त्यात मांडावा.

दुसरं, ती फक्त समोरच्याच्या दाव्याला उत्तर देत बसलीय असं वाटतं. तिचे स्वतःचे अर्ज कऱ्हाडलाच करता येतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज ती सध्या राहते तिथे चालतो. पोटगीचा अर्जही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 144) तसाच. पगार काढून घेणं हा हिंसाचार कायद्याने आर्थिक छळ आहे. मारहाणीचे वळ दिसले तरच हिंसाचार, हा समज काढून टाका. यासाठी संरक्षण अधिकारी असतात, त्यांची मदत फुकट असते.

पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसं ठरवून दिलंय. त्यामुळे नवऱ्याच्या पगाराचा, जमिनीचा, कर्जाचा जो कागद हाताशी असेल तो जपा. दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले दागिने घातलेले फोटोही. स्त्रीधन तिचं एकटीचं, हे 1985 पासून पक्कं आहे.

पुढे वकिलाची फी झेपेनाशी झाली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोर्टाच्या आवारातच असते. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. दूरध्वनी 15100.

अण्णा_बार्शी

धागा वाचला. वाईट वाटलं. पण मुलीकडे बघून एकदा दोन्हीकडच्या चार वडीलधाऱ्यांना बसवावं असं वाटतं. कोर्टात आयुष्य जातं. आमच्याकडे स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून दोन्ही बाजू मोकळ्या झालेल्या पाहिल्यात.

तारीख_पे_हजर

अण्णा, तेवढं स्टँपपेपरचं सांगू नका. नोटरी केली म्हणून हिंदू विवाह मोडत नाही. एखाद्या समाजाची जुनी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. एरवी कोर्टाचा हुकूमनामाच हवा. अशा चिठ्ठीवर दुसरं लग्न लावून नंतर अडकलेल्या बायकांची कामं मी केली आहेत. दोघांची खरोखर संमती असेल तर कलम 13 ब आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यापुढचे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, 2017 चा निकाल आहे.

पुन्हा_सकाळ

अण्णा, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतं. पण धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की समेट तीनदा करून झालाय. माझ्या वेळी अशा पाच बैठका झाल्या. पाचही बैठकांत मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि माझं काय करायचं ते बाहेर ठरत होतं. पाचव्या बैठकीनंतर सासरी गेले आणि तीन आठवड्यांनी मनगट मोडून परत आले. म्हणून आता कुणी "बसवू या" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

प्रीतिसंगम, तुमच्या बहिणीला माझं सांगा. "सही करून टाकते" हे मीही म्हटलं होतं. ते खरं तर "मला झोप हवी आहे" असं असतं. तिला झोप मिळते का ते बघा. मुलीला रात्री आजीजवळ झोपवा. फार अंधारून आलं, नको नको ते विचार आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणखी एक, ज्यावरून मी फार पोळले. तिच्या बँक खात्याला आणि आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? माझ्या खात्याचे सगळे ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जात होते. माहेरी आल्यावर सात महिने माझा पगार कुठे जातोय ते मलाच कळत नव्हतं. आधी नंबर बदला, मग पगाराचं नवीन खातं उघडा. ईमेलचा पासवर्ड बदला. मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सासरी राहिलं असेल तर दुसरी प्रत काढा, त्यासाठी सासरी फोन करायची गरज नाही.

गटाचं विचाराल तर, आम्ही सहाजणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकीच्या घरी भेटतो. नाव नाही, नोंदणी नाही. एकच नियम, "तुझंही काहीतरी चुकलं असेल" हे वाक्य उंबऱ्याबाहेर. पहिल्या वेळी मी दोन तास काही बोलले नाही. कुणी बोल म्हटलं नाही. जाताना एकीने हातात पोह्यांचा डबा दिला. घरी येऊन मी रडले आणि मग बऱ्याच दिवसांनी जेवले.

शाळामास्तरीण

पुन्हा_सकाळ, तुमचं वाचून संगमनेर आठवलं. 1980 च्या दशकात तिथे निशाताई शिवूरकरांनी परित्यक्तांना एकत्र आणलं. "टाकलेली" हा शब्द बायका स्वतःबद्दल खाली मान घालून वापरायच्या. परिषदेत त्याच बायका माइकवर उभ्या राहिल्या. आता आपण एकल महिला म्हणतो, पण तेव्हा तसा शब्दही हाताशी नव्हता.

चादरवाली

मी सोलापूरची. सध्या एका शाळेत लिपिक आहे. माझा खुला 2016 मध्ये झाला, म्हणजे आमच्याकडे बायकोने मागितलेला तलाक. माझ्यासोबत तेव्हा फक्त माझी आजी आली, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. ती रोज म्हणायची, पोरी, खालं बगू नगंस.

तुमच्या बहिणीची तारीख मला कळवा. आदल्या रात्री माझ्या घरी उतरायचं. म्हणजे रातोरात एसटीत बसणं नको, बाबांनाही पाठ टेकता येईल. घर दोन खोल्यांचं आहे, पण अंथरूण-पांघरूण भरपूर. सकाळी भाकरी, शेंगाचटणी बांधून घेऊ. मी अर्ध्या दिवसाची रजा काढते. माझी एक मैत्रीण येईल, विडी कामगार आहे, तिला कुणी आवाज चढवला तर खपत नाही.

अनोळखी माणसाच्या घरी कसं जायचं असं वाटेल, ते बरोबरच आहे. आधी व्हिडिओ कॉल करू. तुमच्या आईंशी मला बोलू द्या. शाळेत येऊन मला भेटा, मग ठरवा.

गडी_एकटा

मी भाऊ आहे, अशाच एका बहिणीचा. पुरुषांसाठी दोन ओळी. सोबत जाताना मी पहिल्यांदा रागाने गेलो, व्हरांड्यात भांडलो, आणि समोरच्या वकिलाने ते लगेच वापरलं. नंतर माझं काम ठरवून घेतलं. पाण्याची बाटली, फाईल, भाचा. भाच्याला घेऊन कोर्टाबाहेर रसवंतीवर बसायचो. बहीण नंतर म्हणाली की तू पोराला बाहेर ठेवलंस त्याचीच सगळ्यात जास्त मदत झाली.

आणि घर फार गरिबीचं असेल तर संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची केस चालू असलेल्या बायकाही बसतात. तहसील कार्यालयात चौकशी करा. उत्पन्नाची मर्यादा खूपच कमी आहे, वर्षाला 21 हजार. इथे कदाचित लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

प्रीतिसंगम

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, माफ करा. काय काय झालं ते लिहिते.

मोबाईल नंबर खरंच नवऱ्याचा होता. बदलला. मधल्या काळात खात्यातून एकदा पैसे गेलेले निघाले, त्याचं स्टेटमेंट वकिलांना दिलंय. कऱ्हाडला पोटगीचा आणि हिंसाचाराचा, दोन्ही अर्ज टाकले. दावा हलवायच्या अर्जाची कागदपत्रं जमवतोय, बाबांच्या डॉक्टरांकडून दाखला मिळाला.

मी आणि आई एका शनिवारी सोलापूरला गेलो, चादरवालीताईंना भेटलो. आई तिथे दोन तास बोलत बसली. संक्रांतीनंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. येताना ताईंनी माझ्या भाचीला छोटी चादर दिली, ती आता तिच्याशिवाय झोपत नाही.

परवा तारीख होती. बहीण आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे उतरली. बाबांना आम्ही घरीच ठेवलं. कोर्टात इकडून पाचजणी होत्या. शाळामास्तरीणबाई साताऱ्याहून स्वतः आल्या, मला न सांगता! सासरचे या वेळी चौघंच होते. समोरच्या वकिलाने समझोत्याचा कागद पुढे केला, तेव्हा बहीण म्हणाली, "वकिलांना दाखवून सांगते." एवढंच. कागद पिशवीत ठेवला.

पुढची तारीख 19 ला आहे. मला रजा नाही. कऱ्हाडहून सोबत जायला एकजण हवी आहे, येण्याजाण्याचं तिकीट आमच्याकडे. जमत असेल तर मला निरोप टाका.