पुरात फोटो गेले. मुलीची पहिली तीन वर्षे आता कशी लिहून ठेवावीत?

गावभागकर (सांगली)

माझी मुलगी मार्च २००७ ची. बारावी झाली असून लवकरच ती पुढील शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात जाणार आहे. तिच्या लहानपणाचे दोन अल्बम आणि लसीकरणाचे कार्ड कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आम्ही नेसत्या कपड्यांनिशी घर सोडले. परतल्यावर त्या कप्प्यात गाळ आणि एकमेकांना घट्ट चिकटलेल्या फोटोंचा गठ्ठा एवढेच उरले होते.

ती जाण्यापूर्वी तिची पहिली तीन वर्षे एका वहीत लिहून तिला द्यावीत, असे मनात आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळे रकाने आखण्याची सवय आहे. परंतु तारखेचा रकाना भरताच येत नाही. आठवते ते वेगळेच. संध्याकाळी माझ्या कानामागेसुद्धा हळदीची पूड असायची, म्हणून अंघोळ होईपर्यंत बाळाला घ्यायचे नाही, असा माझ्या आईचा दंडक होता. तरीही ती रांगत उंबऱ्यापर्यंत येई, माझ्या पँटला धरून उभी राही, आणि मग तिच्या झबल्यावर पडलेले पिवळे डाग कितीही धुतले तरी जात नसत. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी ही मुलगी आई टाळू भरायला बसली की डोळे मिटून अशी निवांत होई की आम्हाला हसू आवरत नसे. २००८ च्या पावसाळ्यात तिला खांद्यावर घेऊन आयर्विन पुलावर पाणी दाखवायला नेले होते. ते तांबूस पाणी पाहून ती ‘मम्मं’ म्हणाली. तिला ते आमटीसारखे वाटले असावे, असा घरात निष्कर्ष निघाला.

खरा पेच पहिल्या पावलाचा आहे. पत्नी म्हणते, ते गणपती मंदिराच्या आवारात पडले. मला ते कृष्णेच्या घाटावरचे स्पष्ट आठवते. अशा वेळी वहीत काय लिहावे?

माहुलीची आजी (सातारा)

मी बरीच वर्षे अंगणवाडीत वजने नोंदवली आहेत, म्हणून सांगते की तारखांसाठी अडून बसू नये. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाची दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा क्रम बहुतेक मुलांत सारखाच असतो; तो लिहून तुमची मुलगी तुम्हाला सापडणार नाही. त्याऐवजी सण धरा. बारशाला पाळण्याखालून कोणी कोणाच्या हातात दिले, जावळ कोणाच्या मांडीवर काढले, बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घातल्यावर तिने त्यातला कोणता चाटला, हे आठवू लागले की महिना आपोआप कळतो. घुटीची सहाणसुद्धा पाहा. बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड यांचे वेढे उगाळण्याचा आवाज मला आजही माझ्या मुलाच्या रडण्याच्या आधी ऐकू येतो.

माझा मुलगा अजिंक्यताऱ्याला ‘आबांचा डोंगर’ म्हणत असे, कारण सासरे रोज पहाटे तिकडे फिरायला जात. सासरे वारले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता आणि आबा डोंगरावरून अजून का आले नाहीत, असे विचारीत राहिला. हे मी अनेक वर्षे कोणाला सांगितले नव्हते. वहीत गोड तेवढेच लिहायचे, असे मात्र करू नका.

कार्डाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. बीसीजीचा व्रण बहुधा तिच्या डाव्या दंडावर असेलच.

मिरजेचा स्टुडिओवाला

तो गठ्ठा टाकला नसेल तर कोरडा असताना ओढून सुटा करू नका, वरचा थर फाटतो. आधी जे दिसते त्याचे स्कॅन करून घ्या, मग एखादाच कोपरा स्वच्छ थंड पाण्यात भिजवून पाहा. सहा वर्षांनी खात्री देता येत नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बारशाचे फोटो ज्या नातेवाइकांना दिले होते त्यांच्याकडे विचारणे. सोनोग्राफीची चिठ्ठी कोणाकडे असल्यास तिचीही प्रत आजच काढा, कारण तो उष्णतेने छापला जाणारा कागद असतो आणि काही वर्षांत पुसट होतो.

कराडची लेक

मी वही देणारी नव्हे, मिळालेली आहे. माझ्या लग्नात आईने अशीच एक वही दिली. वयाच्या तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे आपल्याला सहसा काहीच आठवत नाही, त्यामुळे त्यातली मी मला जवळजवळ अनोळखीच वाटते. माझ्या बोबड्या बोलांची पाने मी एकदाच वाचली. पुन्हा पुन्हा उघडते ती तीन पाने, जिथे आईने लिहिले आहे की मला ताप भरल्यावर बाबा रात्रभर येरझारा घालत होते आणि दूध उतू गेल्यावरून ती स्वयंपाकघरात एकटीच रडली होती. ते दोघे तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते, हे मला त्या वहीमुळे कळले. तेव्हा पेढीवर तुम्हाला काय वाटत होते, खिशात किती पैसे असत, तेही लिहा. घाट की मंदिर, हा वाद दोघांच्या हस्ताक्षरात जसाच्या तसा राहू द्या.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे आभार. काल बारशाच्या फोटोंसाठी तासगावला सासूबाईंना फोन केला. चार फोटो त्यांच्याकडे आहेत. बोलता बोलता पहिल्या पावलाचा वाद त्यांच्या कानावर घातला, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. एप्रिल २००८ मध्ये पत्नीची बी.एड.ची परीक्षा होती, म्हणून मुलीला आम्ही आठ दिवस आजोळी ठेवले होते. तिथेच, बेदाण्याच्या शेडमध्ये, रॅकची जाळी सोडून ती मामाच्या दिशेने चार पावले चालली. आम्हा दोघांना वाईट वाटेल म्हणून त्यांनी हे सतरा वर्षे सांगितले नाही, आणि सांगलीत परतल्यावर ती प्रथमच चालली असे आम्ही म्हणालो तेव्हा त्यांनी मान डोलावली.

पत्नीला अजून सांगितलेले नाही. वहीत मात्र एक पान सोडले आहे. ते सासूबाईंनीच लिहावे, असे ठरवले आहे.