क्रुगरला डिसेंबरात जावं का? (पक्षी हवेत, सिंहही हवा)

सांगलीची_टिटवी
नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कला आठ दिवस जायचं घाटतंय, मी आणि नवरा. मला पक्षी बघायचेत, त्याला सिंह. जोहान्सबर्गला गाडी भाड्याने घेऊन स्वतःच चालवणार, पार्कच्याच रेस्ट कॅम्पात राहणार. विमानासकट दोघांचे मिळून साडेतीन लाख, त्यावर एक रुपया नाही. नवऱ्याला सुट्टी डिसेंबरात. कॅम्प कोणते घेऊ? टूर कंपन्या सुचवू नका, प्लीज.

गोंदेकर_काका
क्रुगर कशाला? केनियाच्या मसाई मारा नॅशनल पार्कला जा. मारा तो मारा! आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदीत धडाधड उड्या घेतात. तंबूत बाथटब होता. माणशी साडेचार लाख गेले, पण वसूल.

अर्धवट_रानवेडा
काका, मसाई मारा नॅशनल पार्क नाही, रिझर्व्ह आहे. आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत परदेशी माणसाला तिथे नुसतं प्रवेशशुल्क दिवसाला २०० डॉलर. ताईंचं बजेट वाचलंत का?

गोंदेकर_काका
पार्क काय न रिझर्व्ह काय, सिंहाला बोर्ड वाचता येतो का?

शिंजीर_नाशिक
केनियात आमच्या टूरवाल्याने नाकुरू तळ्याचे लाखो फ्लेमिंगो दाखवतो म्हणून पैसे घेतले. बघतो तर तळ्याचं पाणी केव्हाच वाढलेलं, पक्षी बोगोरिया तळ्याकडे गेलेले. ब्रोशरवरचा फोटो जुना. स्वतः गाडी चालवताय ते उत्तम.

जोबर्गचा_पाहुणा
इथे जोहान्सबर्गलाच राहतो म्हणून सविस्तर लिहितो. नोव्हेंबर ते मार्च हा पक्ष्यांचा मोसम. युरोपियन रोलर, वुडलँड किंगफिशर, कार्माइन बी-ईटर ही बाहेरची मंडळी तेव्हाच असतात. नागालँडमध्ये थव्यांनी थांबणारा अमूर ससाणाही अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत येतो. पण गवत माजलेलं असतं आणि पाणी जागोजागी, मग सिंह पाणवठ्यावर कशाला येतील? सिंहासाठी मे ते सप्टेंबर.

कॅम्प म्हणाल तर आधी लोअर साबी. फाटकाबाहेर पडलात की सनसेट डॅम, गाडीत बसल्याबसल्या करकोचे, मगरी, पाणघोडे. तिथून स्कुकुझा कॅम्पपर्यंतचा नदीकाठचा रस्ता सकाळी हळूहळू करा. स्कुकुझाजवळ लेक पॅनिकचं लपण (लपून पक्षी बघायची जागा) आहे, तिथे गप्प बसता आलं पाहिजे. मग साटारा, मोकळं गवताळ रान, सिंह दिसलाच तर तिकडे. पुंडा मारिया कॅम्प आणि पाफुरीचा भाग पक्ष्यांसाठी फार छान, पण पार उत्तर टोकाला. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, कच्च्यावर ४०, त्यामुळे आठ दिवसांच्या सहलीत तिकडे जाऊ नका.

आणि डिसेंबर म्हणजे इथल्या शाळांची मोठी सुट्टी. कॅम्प कित्येक महिने आधी भरतात.

लेन्सबहाद्दर
६०० एमएमच्या लेन्सशिवाय जाण्यात अर्थ नाही. मी सोबत बीनबॅगसुद्धा नेली होती, खिडकीवर लेन्स टेकवायला. फोटो टाकू का?

शिंजीर_नाशिक
नका टाकू. ताई, ८x४२ ची दुर्बीण दोघांना एकेक घ्या. एकच असली की भांडणं होतात.

विदर्भाचा_वाघ
आधी ताडोबा पाहिलंय का? घरचं सोडून आफ्रिका.

अर्धवट_रानवेडा
ताडोबात कोरी बस्टर्ड दाखवा, मग बोलू. आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, साटाराच्या गवतात ऐटीत चालतो. माळढोक सोलापूरजवळच्या नान्नजला आता दिसतो का? त्यावर वेगळा धागा काढा.

मेतकूट_भात
कॅम्पात स्वयंपाकाची सोय असते, तांदूळ-डाळ तिथेच मिळते. पण टेबलावर काही उघडं ठेवू नका. आमचे थेपले माकडाने डब्यासकट पळवले आणि झाडावर बसून आमच्यासमोर खाल्ले. सासूबाई अजून त्यावर बोलतात.

डॉ_भटक्या
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, पावसाळी महिन्यांत जास्तच. गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. यलो फीव्हर दक्षिण आफ्रिकेत नाही, पण विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल आणि तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर जोहान्सबर्गला त्याच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच घ्या.

गोंदेकर_काका
केनियालाही लागते ती लस. म्हणजे घेतलीच आहे तर केनियाच करून या.

जोबर्गचा_पाहुणा
जोहान्सबर्गहून पार्कपर्यंत पाच-सहा तास धरा. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. फाटकं सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, उशीर केलात तर दंड. आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून खाली उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

सांगलीची_टिटवी
सगळ्यांचे आभार. लोअर साबी डिसेंबरात मिळतच नाही, बुकिंगमध्ये सगळं लाल. त्यामुळे फेब्रुवारी पक्का केला, नवरा बिनपगारी रजा टाकतोय. आणि पाहुणे, रागावू नका, पहिल्या चार रात्री पुंडा मारियालाच घेतल्या. पाफुरीला पेल्स फिशिंग आउल या मासेखाऊ घुबडासाठी एक सकाळ तरी द्यायचीच आहे. साटारा रद्द. सिंहाचं नवऱ्याशी बोलणं झालंय, तो पाणघोड्यांवर तयार आहे.

जोबर्गचा_पाहुणा
फेब्रुवारीत उत्तरेला ४० अंश सहज जातं. एसी चालणारी गाडी घ्या, आणि जरा उंच असलेली. गवतापलीकडचं काही दिसलं पाहिजे.

लेन्सबहाद्दर
उंच गाडीत बीनबॅग नीट बसत नाही. सेडान घ्या.